विळीवरची कैरी

कॉलेजच्या प्रयोगशाळेत लोह मोजायच्या मशीनवरचा आकडा नम्रताने पुन्हा तपासला. घरामागच्या रायवळ आंब्याच्या कैरीत मागच्या खेपेला जेवढं लोह निघालं होतं, त्याच्या पाव हिस्साही आज नव्हतं. झाड तेच, भट्टीत जाळून केलेली राख तशीच, ॲसिडही त्याच बाटलीतलं. फरक एवढाच, की मागच्या वेळी आईने फोडी घरूनच करून दिल्या होत्या, विळीवर. आंबट कैरी आणि गंजकी विळी. ते लोह विळीचं होतं. एम.एस्सी.ला बसलेल्या मुलीला हे सुचू नये, म्हणजे डोळे असून आंधळी.

प्रबंध गेला खड्ड्यात, तो पुन्हा लिहिता येतो. पण त्या आकड्याची तिने घरी बढाई मारली होती, आणि सातव्या महिन्यातल्या संजनावहिनीने रक्तवाढीच्या गोळ्या सोडल्या होत्या. गोळ्यांनी तिला मळमळायचं, कैरीसाठी मात्र जीव टाकायची. नम्रता तेव्हा नुसती हसली होती.

वहिनी फोन उचलेना. नम्रता तडक गावी निघाली. कर्जतला कशेळ्याची जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. नम्रताच्या मनात नको नको ते येत राहिलं.

घरी संजना ओट्यावर कैरीला तिखट-मीठ लावत बसली होती.

"वयनी, आजपासून गोळ्या चालू कर. माझा आकडा चुकला. ते विळीच्या गंजाचं लोखंड होतं, ते अंगी लागत नाय; कैरीत काय नाय."

"बरं, वन्सं," म्हणत संजना उठली आणि तिने मुकाट गोळी गिळली. नम्रताच्या जिवात जीव आला.

"येळेवर आलीस गं बाई," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. "ठमीला पन सांगाया पायजे."

ठमी डोंगरावरच्या वाडीतली, दरवर्षी त्यांच्याकडे लावणीला यायची.

"तिला काय सांगायचं?"

"तिच्यात रगात लई कमी. गोळ्यांना कंटाळली व्हती. मीच बोलले, सोड त्या, आमच्या नम्रतानं मशीनवर बघितलंय. पिशवीभर कैऱ्या दिल्या, चिरून सुकवलेल्या."

"कितवा लागलाय तिला?"

"दिवस भरलं तिचं."

वाडीत फोन लागत नाही. संजनाने गोळ्यांचं उरलेलं पाकीट नम्रताच्या हातात कोंबलं. "ह्या दे तिला, बरी व्हईल," ती म्हणाली. नम्रता चढणीला लागली खरी, पण गोळ्यांनी रक्त भरायला महिने लागतात, हे त्या घरात तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.