पांढरीतला आड

मी एक जुना आड आहे. नुसता जुना नव्हे, मित्रांनो, दोन हजार वर्षांचा! तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही मी पोरसवदाच म्हणणार. मी दगडाचा नाही हं. भाजलेल्या मातीची मोठाली कडी एकावर एक रचून मला खोल उतरवलं.

कृष्णाकाठी, सातारा-सांगलीच्या शिवेवर, तेव्हा केवढं नगर होतं! कापडाचे गठ्ठे घेऊन बैलांचे तांडे घाट उतरून कोकणात जायचे. परतणारे व्यापारी माझं पाणी पीत समुद्रापारच्या गोष्टी सांगायचे. मी ऐकतच राहायचो. मग नदी कोपली, लोक पांगले आणि सगळं नगर मातीखाली गेलं. जाताना कुणी आत डोकावलंसुद्धा नाही. फार वाईट वाटलं.

त्या मातीला गावकरी आता पांढर म्हणतात. जुन्या वस्तीची ही पांढरट माती शेतात टाकली की ऊस जोमानं येतो, असा त्यांचा अनुभव. म्हणून यंदा फौजेतून निवृत्त झालेल्या लालासाहेबांनी आपल्या शेतातल्या पांढरीच्या टेकाडावर जेसीबीच चढवला. विटा, खापरं, मणी, सगळं ट्रॉलीत भरून उसाकडे चाललं. एका सकाळी यंत्राचा दात माझ्या कड्याला लागला. कडं फुटलं. आता मीही उसात जाणार, म्हटलं!

तेवढ्यात त्यांच्या पत्नी बनुबाई पांढरीची ओटी भरायला आल्या. जुन्या वस्तीची माती उचलायची तर तिचा मान द्यावा, अशी त्यांच्या घरची रीत. खण-नारळ ठेवायला वाकल्या आणि तिथंच थबकल्या.

"आवं, हिकडं या. ह्या कड्याला आतनं बोटं उमटल्यात."

"आसंल खापर. ज्ञानू, घे रं मशिन फुडं," लालासाहेबांनी जेसीबीवाल्याला फर्मावलं.

"हात तर लावा आदी!"

लालासाहेब कुरकुरत गुडघ्यांवर बसले. ओल्या मातीवरून कुंभारानं ओढलेल्या बोटांच्या खुणा तिथं तशाच होत्या. त्यांनी आपली बोटं त्यांत ठेवली. नेमकी बसली! एवढा रांगडा गडी, पण अंगावर सर्रकन काटा आला.

"आरं तिच्या! मानूस हाय की हितं," ते हळूच म्हणाले. मग ओरडले, "ज्ञानू, बंद कर रं!"

"आनि उसात गेलं त्ये?" बनुबाईंनी विचारलं.

लालासाहेब उठले आणि उसाच्या दिशेनं चालू लागले.

मी वाचलो. ते मात्र आता उसाच्या सरीतून खापरं वेचत फिरतात. एखादा तुकडा हातात घेऊन उभेच राहतात. तो कुठल्या घरातला, हे त्यांना कळत नाही आणि मला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या गावाबाहेरही अशी पांढर असेल. तिथली माती नेण्याआधी एकदा हात लावून बघा. शेतात पसरलेलं नगर पुन्हा गोळा होत नाही.