पोटातला सैल मसाला

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. कालच माझं बूच लावताना शर्लीने ट्रिशाला दम दिला, "कुठे बोललीस तर बघ हं!" तो दम मलाही होता. पण पोटात जे भरलंय, त्याची इतकी किळस येतेय की गप्प राहवत नाही.

मी मसाल्याची बाटली. मरोळ गावठाणातल्या एका घरात राहते. आधी माझ्यात बिअर होती. माझ्या गडद काचेतून ऊन आत शिरत नाही, म्हणून एडनाने मला धुऊन, सुकवून ठेवून घेतलं. एडना म्हणजे शर्लीची मोठी नणंद, ट्रिशाची आत्या. दर मे महिन्यात ती गच्चीवर मिरच्या वाळवायची, एकेक जिन्नस वेगळा भाजायची, कुटायची आणि मसाला काठीने ठासून माझ्यात भरायची. इतका घट्ट, की मला उलटं धरलं तरी कण पडत नसे. लागेल तेवढा काडीने कोरून काढायचा. त्या घट्टपणाचा मला गर्व होता.

यंदा एडना मे महिनाभर तापाने पडून होती. ताप उतरला, पण तिला वास येईनासा झाला. चर्चमधल्या धुपाचाही तिला पत्ता लागत नाही.

शर्लीने गच्ची चढायचा कंटाळा केला. तिने दुकानातली पाकिटं फोडली आणि माझ्यात ओतली. शी! नुसतं मीठ आणि रंग. वर ओल्या चमच्याचा दांडा खुपसला. दांड्याला डाळ चिकटलेली.

"मम्मी, आंटीला कळेल ना," ट्रिशा हळूच म्हणाली.

"कसं कळेल? नाक कुठाय तिला?" शर्ली हसली. ते हसणं डाळीपेक्षा घाण होतं.

आज रविवार. चिकनचा रस्सा रटरटला, एडनाने तांदळाच्या भाकऱ्या हातावर थापल्या. तिचा भाऊ, म्हणजे शर्लीचा नवरा व्हर्नन, भाकरीने ताट पुसत म्हणाला, "एडनाबाय, तुझा मसाला म्हणजे झकास!"

एडना तोंडभर हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं एवढंच उरलंय, आणि तेही खोटं.

मग तिने घास घेतला. थांबली. "वास नाही, पण जिभेला चटका तर लागायला हवा ना? ट्रिशा, बाटली आण गं. माझ्या हाताने घालते."

ट्रिशापाठोपाठ शर्ली स्वयंपाकघरात धावली. ट्रिशाच्या हातात काठी कोंबत कुजबुजली, "ठास पटकन! सैल दिसला तर वाट लागली." आणि तोंडावर हसू लावून बाहेर गेली.

ट्रिशा माझ्याकडे बघत राहिली. ही मुलगी वर्गात हातसुद्धा वर करत नाही. तिने काठी माझ्या तोंडाशी आणली.

मग काठी तिने ओट्यावर ठेवली.

आता तिने मला उचललंय. एडनाबाय, माझ्यावर रागावू नकोस. तुझा मसाला सांभाळायचं माझं काम होतं, आणि मी काय काय पोटात घेतलं! आता तू सवयीने मला तिरकं करशील, काडी शोधशील, आणि त्याआधीच माझ्यातून मसाला भसाभसा—

"ट्रिशा! आणतेस ना गं बाटली?"