गोजरबाईचं कोपर

सुप्याच्या रस्त्याला रंगनाथ लोहाराची भट्टी होती. रंगनाथ सांडशीत तापलेला फाळ धरायचा आणि त्याची बायको गोजरबाई घण घालायची. पंधरा वर्षं तिनं दुसऱ्या कुणाला घणाला हात लावू दिला नव्हता.

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात तिच्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ उठली. आधी काम संपल्यावर दुखायचं, मग घण उचलतानाच. शेवटी पाण्याचा तांब्यासुद्धा हातातून निसटायला लागला. पेरणी तोंडावर, फाळांचा ढीग पडलेला. घण घालायला रंगनाथनं परगावच्या धाकट्या भावाला, गोरक्षाला, बोलावून घेतलं.

गोरक्ष आला तो डाग देणाऱ्या दगडाबाईला घेऊनच. तिनं भट्टीत सळई घातली. "वात धरलाय. दोन डाग दिले की बसंल."

गोजरबाईनं हात पदराखाली घेतला. "लोखंड कसं तापतं ते मला ठावं हाय. माझ्या हाताला ते लागायचं न्हाई."

"मंग बसा घरात, वहिनी," गोरक्ष म्हणाला. "घण काय बाईमानसाचं काम हाय व्हय?"

"पंधरा वरसं तुझ्या भावाची चूल कुनाच्या घावावर पेटली, इचार त्याला."

रंगनाथ मान खाली घालून भाता ओढत राहिला. तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच चालत मिशनच्या दवाखान्यात गेली. तिथली मार्था नर्स लढाईच्या काळात लष्करी इस्पितळात होती; जखमी शिपायांचे हातपाय चालते करायचं काम ती तिथं शिकली होती. तिनं कोपराच्या हाडाशी बोट दाबलं तशी गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाड शाबूत आहे," मार्था म्हणाली. "मनगट उचलणारी शीर इथं हाडाला धरते, ती दुखावलीय. सध्या घण बंद. रोज शेक, चोळणं आणि व्यायाम."

"पुन्यांदा घण उचलंल?"

"नेटानं केलंत तर उचलेल. घाई केलीत तर नाही."

व्यायाम साधा होता. हात मांडीवर टेकवायचा, तळवा खाली, मुठीत फडक्यात बांधलेला दगड. डाव्या हातानं मनगट वर न्यायचं आणि उजव्याच्या जोरावर सावकाश खाली सोडायचं. गोजरबाई ते भट्टीसमोरच्या लिंबाखाली करायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. गोरक्ष म्हणायचा, "वहिनी दगडाला झोका देत्यात." ती दर आठवड्याला दगड मात्र मोठा घ्यायची.

एक दिवस ती रंगनाथला म्हणाली, "आवं, घणाचा दांडा बारीक हाय. लई आवळून धरावा लागतो. नर्सबाई म्हनल्या, जाड बसवा."

"गोरक्ष हाय की."

"गोरक्ष त्याच्या गावाला जाईल. मी हितंच हाय."

रंगनाथनं घणाचा दांडा मुठीत धरून पाहिला. मग म्हणाला, "तुजा हात कायमचा गेला, असं वाटलं मला. भ्यालो." संध्याकाळी तो बाभळीचं लाकूड तासत बसला.

श्रावणात गाडीच्या चाकाची लोखंडी धाव जोडायला आली. गोरक्षाचे दोन घाव कडेवर बसले. गोजरबाई उठली, त्याच्या हातातून घण घेतला आणि नेमका जोडावर हाणला. कोपरात बारीक कळ आली. तिनं ती ओळखली, पण थांबली नाही. वीस घाव झाले. जोड बसला. मग मात्र तिनं घण खाली ठेवला.

"दमलात?" गोरक्षानं विचारलं.

"आज ईसच घालायचे, असं ठरवलं हुतं," ती म्हणाली. "उद्या पंचईस."