लाइट बंद कर

लोक इलेक्ट्रिशियनला फोन करतात तेव्हा काय बिघडलंय ते कधी धड सांगत नाहीत. "लाइटचा प्रॉब्लेम आहे" म्हणतात आणि मोकळे होतात. मग तो बल्ब असो, पंखा असो, नाहीतर जळलेली वायर. स्वतःचा धंदा म्हटला की फोनवरच अर्धं निदान करावं लागतं, नाहीतर हेलपाटे घालण्यातच दिवस जातो. मला ते छान जमतं, असा माझा समज होता.

त्या दिवशी दुपारी मी एका बाईंकडे शिडीवर चढून पंख्याचा कॅपॅसिटर बदलत होतो. आईचा फोन आला. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते आणि मी कामावर असताना सहसा फोन करत नाही.

"अरे, बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतायत."

"लाइट बंद कर," मी म्हणालो. माझ्या तोंडात स्क्रू होता. "हातातलं आटोपून येतोच."

"बरं, करते."

गीझरची कॉइल गेली असणार आणि करंट पाण्यात उतरला असणार. पण मेन स्विच खाली पाडला की काळजीचं कारण नाही. मी निवांत पंख्याचा कप चढवला, स्क्रू आवळले, रेग्युलेटर फिरवून वारा दाखवला. शिडी मिटत होतो तेव्हा बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दादा, निघताना तेवढी लाइट बंद करा हं."

मी दाराजवळचं बटण दाबलं. ट्यूब विझली आणि मला आईचं "बरं, करते" आठवलं.

आईनेही हेच केलं असणार. बाथरूमचा दिवा घालवला असणार. मी मेन म्हणालोच नव्हतो, आणि म्हणालो असतो तरी तिला कळलं असतं की नाही, देव जाणे. आता पोराने सांगितलं तसं केलं म्हणून ती निर्धास्त नळ उघडणार. ओले पाय, ओली फरशी, लोखंडी नळ. झिणझिण्यांवर एकदा भागलं, दुसऱ्यांदा भागेलच असं नाही.

फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

स्कूटर सुरू करता करता आईच्या शेजारच्या वहिनींना लावला. त्या बाजारात होत्या. "सासरे घरी आहेत. त्यांना पाठवू का बघायला?"

त्यांचे सासरे भला माणूस. आई पडलेली दिसली तर आधी धावत जाऊन तिचा हात धरतील. करंट लागलेल्याला हात लावायचा नाही, आधी खटका पाडायचा, हे त्यांना सांगायचं कसं? फोनवर त्यांना धड ऐकूही येत नाही. एकाचे दोन व्हायचे.

"नको," मी म्हणालो. "कुणालाच पाठवू नका."

हे बोललो आणि रस्ताभर स्वतःला खात राहिलो. मदत समोर असताना मी ती नाकारली होती. आई जमिनीवर पडली असेल आणि भिंतीपलीकडे एक माणूस माझ्या शब्दाखातर पेपर वाचत बसला असेल. करंटची गळती ओळखून आपोआप पडणारा खटका मी गावभर बसवत फिरतो, तोही लोकांना गळ घालून. आईच्या घरात तो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दार माझ्या किल्लीने उघडलं. पडदे ओढलेले, पंखा बंद, आणि आई खुर्चीत पदराने वारा घेत बसलेली.

मला तिथेच रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी ओरडलो. "फोन का बंद ठेवलास?"

"तूच म्हणालास ना लाइट बंद कर? फोनलाही लाइटच लागते. फ्रीज बंद केला, टीव्ही केला, सगळी बटणं बंद केली. आंघोळ राहिली, त्या अंधारात लोटा कुठे दिसतोय?"

मी बाथरूमच्या दारातूनच टेस्टर नळाला टेकवला. टेस्टर पेटला. गीझरचा लाल दिवाही चालू होता. घरातलं तेवढं एकच बटण चालू होतं.

मी आधी मेन पाडला. मग विचारलं, "हे का ठेवलंस?"

"ओल्या हाताने गीझरच्या बटणाला हात लावायचा नाही, हे तूच बजावलं होतंस. माझे हात ओले होते. मग पुसले, पण म्हटलं राहू दे, नसती रिस्क कशाला."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. माझा एकूण एक शब्द तिने पाळला होता. फक्त आंघोळीला अंधार आडवा आला, म्हणून ती माझ्यासमोर धडधाकट उभी होती.

"आई, मी चुकीचं सांगितलं होतं," मी म्हणालो. "असं डोळे मिटून ऐकत जाऊ नकोस माझं."

"बरं," ती म्हणाली, "नाही ऐकणार," आणि बटणं चालू करू का म्हणून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.