केराटिन कुणाचं?

रोमानियातल्या क्लुजच्या संशोधन संस्थेत स्मारांडा प्लमच्या झाडाला होणाऱ्या रोगातलं एक प्रथिन शोधत होती, आणि ते काही केल्या हाती लागत नव्हतं. प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलच्या थरावर त्याची निळी पट्टी झकास उमटायची. ती पट्टी पात्याने कापायची, तिचे बारीक तुकडे करायची, रंग धुऊन काढायची, आणि तुकडे सुकून पांढरेफटक झाले की त्यांना ट्रिप्सिन पाजायची. हे विकर जेलमध्ये मुरतं आणि अडकलेल्या प्रथिनाचे लचके तोडतं. ते लचके यंत्रात गेले, की वजनावरून प्रथिनाचं नाव कळतं. यंत्र मात्र दर वेळी एकच नाव सांगायचं: केराटिन. म्हणजे केस, नखं, कातडीचा कोंडा.

"डोकं आहे की झाडू?" प्रोफेसर हारालांबिए सगळ्यांदेखत ओरडले. "टोपी घाल, बाई!"

स्मारांडाने टोपी घातली, दुहेरी हातमोजे घातले, लोकरीचा स्वेटर घरी ठेवला. तरी केराटिनच.

मग तिला वेगळीच शंका आली. यंत्राला आजवर तिने फक्त झाडाची आणि माणसाची प्रथिनं ताडून बघायला लावली होती. आता तिने त्या यादीत सगळे प्राणी मोकळे सोडले. उत्तर वाचून ती खुर्चीतच खदखदून हसली.

शुक्रवारच्या बैठकीत ती साळसूदपणे उभी राहिली. "सर, केराटिन आहेच. पण माझं नाही. कुत्र्याचं आहे."

"यंत्र बिघडलंय!" सर घाईघाईने म्हणाले. त्यांचे कान मात्र लाल झाले होते.

"असेल बुवा," म्हणत तिने पिशवीतून लसूण घातलेलं सॉसेज काढलं आणि दार उघडून बाहेर धरलं. पलीकडे सरांची खोली. बंद दारामागून आधी कुईकुई, मग दारावर नखांची खरखर.

सर खाली बसले. नदीकाठी सापडलेलं लालसर पिल्लू, मुर्गू, त्यांनी आठ महिने तिथे लपवलं होतं. संध्याकाळी सगळे गेले की ते जेलच्या टेबलाखाली लोळायचं. "माझ्या बायकोला, झेनोव्हियाला, कुत्रं चालत नाही हो," ते काकुळतीला आले. "तिला सांगू नका."

"नाही सांगणार," स्मारांडा म्हणाली, "पण महिनाभर माझ्या पट्ट्या तुम्ही कापायच्या. टोपी घालून."

सर मुकाट्याने कापू लागले. असेच एकदा टोपी घालून वाकलेले असताना झेनोव्हियाबाई डबा घेऊन आल्या. सरांच्या खोलीचं दार नेमकं उघडं राहिलेलं. मुर्गू धावत आला तो थेट सरांच्या अंगावर.

बाई कोटावरचे लालसर केस बघत राहिल्या, मग कुत्र्याकडे, मग स्मारांडाच्या लालसर वेणीकडे.

"म्हणजे हे केस या मेल्याचे?" त्या किंचाळल्या. "आणि मी या गुणी पोरीशी दोन महिने बोलत नाहीये!"

"माझ्याशी?" स्मारांडाने आ वासला. "मला वाटलं, तुम्हाला ऐकू कमी येतंय."

सर टोपी डोळ्यांवर ओढून पट्टी कापत बसले. हसू आवरेना, म्हणून सगळे एकेक करून बाहेर पळाले.

त्या दिवशी डबा स्मारांडाला मिळाला. त्यात सारमाले होत्या, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याच्या वळकट्या. मुर्गूला बाई स्वतःच घरी घेऊन गेल्या. कोटावर केस दिसले तर निदान कुणाचे ते माहीत असेल, म्हणाल्या. पुढच्याच जेलमध्ये प्लमचं प्रथिन सापडलं.