शाईचं बोंडलं

ऋजुताने मतदान साहित्याची पिशवी तिसऱ्यांदा टेबलावर उलटी केली. लाख होती, मेणबत्ती होती, दोरा, काडेपेटी, शाईच्या दोन बाटल्या. बाटली कलंडू नये म्हणून वाळू भरून जो कप ठेवतात, तेवढा नव्हता. यादीत त्याच्यापुढे बरोबरची खूण होती. काल सामान ताब्यात घेताना ती तिनेच केली होती.

"छोडो मॅडम," केंद्राध्यक्ष विक्रमसिंह म्हणाले. "कोई डिब्बा देख लो. साडेपाच बज गए, मॉक पोल चालू करना है."

डहीहून पहाटेच्या जीपने ती आली होती. केंद्रावर मुक्काम फक्त पुरुषांचा. पाच वर्षांची चिऊ भाड्याच्या खोलीत आजीच्या कुशीत झोपलेली. निघताना ऋजुताने तिच्या कपाळाला दोनदा हात लावून पाहिला होता. अडीच वर्षांपूर्वी साथीत मनन गेला आणि त्याच्या जागी तिला नोकरी मिळाली. तेव्हापासून कुणाचंच कपाळ तिला थंड लागत नसे. मागच्या विधानसभेला मननची ड्यूटी ह्याच केंद्रावर होती. गावाचं नाव त्याच्या तोंडून तिने एकदाच ऐकलं होतं, आणि परवा स्वतःच्या आदेशावर ते वाचून ती कितीतरी वेळ कागद हातात धरून बसली होती.

"कप वास्ते परेशान हो क्या?" दारातून राजाबाईने विचारलं. दर निवडणुकीला मतदान पार्टीचा स्वयंपाक तिच्याकडे असे. "रुको. म्हारे पास है. पिछली दो बार से शाई उसी में रखते हैं."

पदराने पुसत तिने ते टेबलावर ठेवलं. काळवंडलेलं, होडीसारखं, पुढे चोच असलेलं चांदीचं भांडं. चोचीजवळचा जोडाचा डाग उखडलेला. पोटाशी 'ऋ' कोरलेला.

ऋजुता उठली. शाळेच्या पायरीपाशी बसून तिने चिमटीचिमटीने बोंडल्यात वाळू भरली, बोटाने सपाट केली, मधोमध बाटली उभी केली. मग बराच वेळ ती वाळूच सपाट करत राहिली.

दूध पाजायचं ते बोंडलं ऋजुताच्या आजीने तिच्या बारशाला केलं होतं. चिऊ पाच महिन्यांची असताना, मनन इथून परतला त्याच आठवड्यात, ते घरातून नाहीसं झालं. "चोच गळायला लागली होती ना, धारच्या सराफाकडे डाग द्यायला टाकलंय," मनन म्हणाला. मग कारागीर गावी गेला होता. मग "आणतो गं, पळून जातंय का?" आणि मग मननच राहिला नाही. वर्षश्राद्धाच्या आधी ऋजुताने धारचे सगळे सराफ पालथे घातले. मननने काही टाकल्याचं एकालाही आठवत नव्हतं. तेव्हा तिला आठवलं, त्या आठवड्यात नणंद रुची तान्ह्या विहंगला घेऊन घरी राहायला होती. भाऊ बहिणीला पाठीशी घालत होता. श्राद्धाच्या पंक्तीत भात वाढता वाढता, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तिने विचारलं होतं, "रुची, विहंगला दूध कशाने पाजायचीस गं?" रुचीने भरलं पान तसंच सोडून हात धुतले. सासरी सतवासला गेली ती पुन्हा आली नाही.

सात वाजता रांग लागली. ऋजुता दोन नंबरची मतदान अधिकारी. एकेक डावी तर्जनी पुढे येई, ती काडी शाईत बुडवी, रेघ ओढी. दर वेळी हात बोंडल्यावरून जाई.

दुपारी रांग ओसरली. राजाबाई मक्याच्या भाकऱ्या घेऊन आली.

"बाई, तुमने तो सब चुनाव देखे होंगे," विक्रमसिंहांनी तिला छेडलं. "बताओ, यहां से कौन-कौन जीता?"

"जीतने वाला कदी आया क्या सा'ब, जो याद रहे? आते तो तुम लोग हो." ती बोटं मोडत सांगू लागली. एकदा पेट्या बैलगाडीतून आल्या आणि बाबूला विंचू चावला. एकदा नाल्याला पूर, पार्टी तीन दिवस अडकली, तिची दोन कोंबडी खाऊन गेली. मशीन आली त्या वर्षी म्हातारे बटण दाबायला घाबरले. "अन् फिर वो मराठी मास्टर. मॅडम जैसा बोलता था."

ऋजुताची भाकरी हातात राहिली.

"म्हारी छोरी जापे में मर गई थी. आठ दिन की नातिन, चम्मच से दूध गिर-गिर जाए, रो-रो के आवाज बैठ गई. मास्टर ने थैली से ये निकाला, चोंच ठीक कराने साथ लाया था. बोला, मेरी बेटी भी इसी से पीती है. बकरी का दूध लिया, छोरी को गोद में आडी लिटाया, खुद पिलाया. जाते टाइम मैं वापस देने लगी, तो लिया नहीं." राजाबाईने ऋजुताकडे पाहिलं. "तुम जानती हो उनको? अब कौन से बूथ पे हैं?"

"दूसरी तरफ लगी है उनकी ड्यूटी," ऋजुता म्हणाली.

"मिलें तो बोलना, छोरी जी गई."

सहाला मतदान संपलं. मशीनला सील लागेपर्यंत ऋजुता हातपंपाजवळच्या उंचवट्यावर गेली. फोन तिथेच लागत होता. चिऊ जेवली होती, ताप नव्हता. मग तिने दुसरा नंबर लावला.

"रुची, मी ऋजुता."

"बोला."

पूर्वी ती 'वहिनी, बोल ना' म्हणायची.

"बोंडलं सापडलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज.

"ती मुलगी जगली का?" रुचीने विचारलं.

ऋजुताने हातपंपाचा दांडा धरला.

"तुला... तुला माहीत होतं?"

"दादाने तिथून निघाल्या निघाल्या मलाच फोन केला. वहिनीच्या आजीचं आहे, आता घरी काय सांगू म्हणून रडकुंडीला आलेला. सराफाचं मीच सुचवलं."

"मग पंक्तीत का नाही बोललीस?"

"त्याच्याच श्राद्धाला त्याला खोटं पाडू?" रुची म्हणाली. "जगली का, तेवढं सांगा."

"जगली."

"बरं झालं," रुची म्हणाली, आणि फोन ठेवला.

ऋजुता परतली तेव्हा व्हरांड्यात विक्रमसिंह यादी घेऊन उभे होते. बस आली होती. तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं, वाळू पायरीखाली ओतली, हातपंपावर जाऊन बोंडलं धुतलं. राजाबाईच्या लुगड्याआडून एक मुलगी तिच्याकडे बघत होती. उंची चिऊइतकीच. ऋजुताने ओलं बोंडलं पदराला पुसलं आणि खाली वाकून तिच्या हातात दिलं. मुलीने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"शाई, दो बोतल. स्केल, एक," विक्रमसिंह खुणा करत होते. "कप, एक. अरे मॅडम, वो ही डाल दो थैली में, गिनती पूरी हो जाएगी."

"वो यहीं का है, सर," ऋजुता म्हणाली. "कप मुझसे गुमा है. मेरा नाम लिख लीजिए."