गाळलेले कडवे

मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. मित्रांनो, बोटाच्या पेराएवढा म्हणून नाक मुरडू नका. माझ्या पोटात आठशे गाणी आहेत. त्यांतले एकही कोणी विकत घेतलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मला कळायला लागले तेव्हा मी सांगलीतल्या एका मोबाइलच्या दुकानात होतो. दुकानदाराने कुणाकडून तरी एक सीडी मागून आणली आणि तिच्यातले एक गाणे इतर गाण्यांबरोबर माझ्यासारख्या शेकडोंत भरले. त्या गाण्याचे शेवटचे कडवे कापून तिथे त्याने आपल्या दुकानाचे नाव घातले. आयत्या बिळावर नागोबा! मला मात्र तेव्हा त्याचे काहीच वाटले नाही.

पुढे ज्ञानू नावाच्या एका ट्रॅक्टरवाल्याने मला विकत घेऊन आपल्या ट्रॅक्टरला लावले. उसाच्या ट्रॉल्या ओढताना तो तेच गाणे वाजवी. "लय भारी आवाज हाय गड्या," असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई. आवाज कोणाचा, हे कोणी विचारले नाही.

यंदा जतहून आलेल्या ऊसतोडीच्या टोळीत शाहजादी होती. गाणे लागले आणि तिचा कोयता थांबला.

"ह्यो माझा आवाज हाय," ती ज्ञानूला म्हणाली. "गाणं आमच्या घरधन्यांनी, चांदसाहेबांनी रचलं. शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव हाय. ऐक."

ज्ञानूने आवाज वाढवला. सगळी टोळी कान देऊन उभी राहिली. कडव्याच्या जागी दुकानाचे नाव आले.

शाहजादी खाली बघत राहिली. ज्ञानू वरमला. "आवं मावशी, तुमची सीडी द्या. आत्ता विकत घेतो."

"सीड्या खपल्याच न्हाईत. गाणं समद्यांकडं फुकट हुतं. दुसरी काढायची ऱ्हायली, आन् ते गेले. त्यांची बाकीची गाणी वहीतच हायती."

"मग ते कडवं तुमी म्हणा की."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुरुवात केली. ज्ञानूने सवयीने मोबाइल समोर धरला. त्याच्या मागोमाग आणखी चार मोबाइल वर झाले. नाव यायच्या आधीच ती थांबली.

"न्हाई रं. येवढं तरी माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

ती कोयता उचलून परत उसाच्या सरीत गेली. मला फार लाज वाटली.

आता ज्ञानू ते गाणे शेवटापर्यंत जाऊ देत नाही. मित्रांनो, एखादे गाणे आवडले तर ते कोणाचे, हे विचारा, आणि त्याचे मोल त्या माणसाच्या हाती पोहोचू द्या. माझ्या पोटात आठशे गाणी आहेत, पण चांदसाहेबांचे नाव एकातही नाही.